संसद, खासदार आणि परदेश दौरे: पुणेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक आली की आपले खासदार कोण हे सगळ्यांना माहीत असतं. निकाल लागला की पुढची पाच वर्षं ते दिल्लीत नेमकं काय करतात, हे विचारणारे थोडेच उरतात. आमच्या नागरिक अभ्यासवर्गात जे प्रश्न फिरून फिरून येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हवा तो प्रश्न आधी वाचा. कोणत्या पक्षाला मत द्यावं याचं उत्तर मात्र इथे मिळणार नाही. त्यासाठी पुण्यात कट्टे पुष्कळ आहेत.

मी पुण्यात राहतो, म्हणजे माझे खासदार पुण्याचेच ना?

असतीलच असं नाही. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेनंतर पुणे जिल्ह्याशी लोकसभेचे चार मतदारसंघ जोडलेले आहेत: पुणे, बारामती, शिरूर आणि मावळ. पुणे मतदारसंघात कसबा पेठ, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि वडगाव शेरी हे सहाच विधानसभा मतदारसंघ येतात. हडपसरकर शिरूरसाठी मतदान करतात. खडकवासला विधानसभा बारामतीत मोडते, म्हणून धायरीतला माणूस मतदान करतो तो बारामतीच्या उमेदवारांपैकी एकाला. पिंपरी आणि चिंचवड मावळमध्ये, तर शेजारची भोसरी शिरूरमध्ये. मावळ तर घाट उतरून थेट पनवेल, उरणपर्यंत जातं. आणि हिंजवडी? मुळशी तालुका भोर विधानसभेत, भोर बारामतीत. तेव्हा पत्र लिहिण्याआधी मतदार ओळखपत्रावरचा विधानसभा मतदारसंघ बघा. पोस्टाचा पत्ता इथे कामाचा नाही.

आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांची तक्रार खासदारांकडे करू का?

करा, पण काम महापालिकेचं आहे. कॅन्टोन्मेंटची गोष्ट वेगळी. पुणे आणि खडकीचे कॅन्टोन्मेंट बोर्ड संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, आणि २००६ च्या कायद्यानुसार तिथल्या खासदार-आमदारांना बोर्डाच्या बैठकीला विशेष निमंत्रित म्हणून बसता येतं. बोलता येतं, मत देता येत नाही.

खासदार निधी थेट खासदारांच्या खात्यात येतो का?

नाही. वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामं खासदार सुचवतात. मंजुरी, निविदा, देयकं हे सगळं जिल्हा प्रशासन बघतं. योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. बाकांवर आणि बसथांब्यांवर खासदारांचं नाव ठळक असतं म्हणून गैरसमज होतो, एवढंच.

एकटा खासदार संसदेत खरोखर काय करू शकतो?

पुष्कळ; फक्त ते बातमीत येत नाही. सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे प्रश्न.

समजा, लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीबद्दल विचारायचं आहे. खासदार किमान पंधरा दिवस आधी नोटीस देतात. पहिली मेख इथेच: प्रश्न कुणाला विचारायचा? प्रवासी वाहतूक नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे, पण धावपट्टी हवाई दलाची, म्हणजे संरक्षण मंत्रालयाची. चुकीच्या मंत्रालयाचं नाव घातलं की प्रश्न इकडून तिकडे जातो आणि तेवढ्यात अधिवेशनही संपू शकतं. मजकूर साधारण असा असतो: "(क) पुणे विमानतळाच्या धावपट्टीच्या विस्ताराचा प्रस्ताव सरकारच्या विचाराधीन आहे का, (ख) असल्यास, त्याचा तपशील काय, (ग) भूसंपादनाची सद्यस्थिती काय, (घ) काम केव्हा पूर्ण होणं अपेक्षित आहे?" यातला (ख) बहुतेक प्रश्नांत तसाच्या तसा असतो. जाणकार खासदार सगळी ताकद (ग) आणि (घ) वर लावतात, कारण सरकार अडकतं ते तिथे.

मग सोडत निघते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी मिळतं. अकरा ते बारा हा प्रश्नोत्तराचा तास. त्यात वीसपैकी मोजक्याच प्रश्नांवर तोंडी चर्चा होते, बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवली जातात. म्हणून अनुभवी खासदार अतारांकित प्रश्नाला कमी लेखत नाहीत. त्यातून आकडे मिळतात, आणि आकडे मिळाले की भांडायला बरं पडतं.

उत्तर वाचतानाही डोळे उघडे ठेवावेत. "माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल" असं मंत्री म्हणाले की ते आश्वासन ठरतं. ते तीन महिन्यांत पूर्ण व्हावं अशी अपेक्षा असते आणि त्याचा हिशेब ठेवायला दोन्ही सभागृहांत शासकीय आश्वासन समिती असते. निवडणुकीतल्या आश्वासनांसाठी अशी काही सोय नाही.

आमचे खासदार मंत्री झाले. आता आमचा आवाज जास्त पोहोचेल ना?

मंत्रालयाच्या दालनात कदाचित जास्त, सभागृहात कमी. मंत्री हे सरकारच. ते सरकारला प्रश्न विचारत नाहीत की खासगी विधेयक (ते काय, हे पुढे येतंच) आणत नाहीत. पुण्यातून २०२४ मध्ये निवडून आलेले मुरलीधर मोहोळ सहकार आणि नागरी विमान वाहतूक खात्यांचे राज्यमंत्री झाले. म्हणजे लोहगावचा प्रश्न लोकसभेत आला, तर पुण्याचे खासदार उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर. मग विचारायचं कुणी? शेजारच्या मतदारसंघांचे खासदार विचारू शकतात, महाराष्ट्रातून गेलेले राज्यसभा सदस्यही विचारू शकतात. कोणत्याही खासदाराला देशातल्या कोणत्याही गावाबद्दल विचारता येतं.

पुण्याला वर्षभर खासदारच नव्हता म्हणतात. असं कसं चाललं?

चाललं नाही, चालवून घेतलं गेलं. गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ रोजी निधन झालं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ नुसार जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी. अपवाद दोनच: सभागृहाची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर, किंवा मुदतीत निवडणूक घेणं अवघड असल्याचं निवडणूक आयोगाने केंद्राशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं तर. लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे पहिला अपवाद लागू नव्हता. आयोगाने दुसऱ्याचा आधार घेतला. पुण्यातल्या एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ताबडतोब निवडणूक घ्या असा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि मग सार्वत्रिक निवडणूकच येऊन ठेपली.

या काळात संसदेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर झाली, डिसेंबरमध्ये भारतीय न्याय संहिता मंजूर झाली. यातल्या एकाही मतदानात पुणे शहराच्या लोकसभा सदस्याचं मत नाही. कारण तो नव्हताच. काकासाहेब गाडगीळ, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी, मोहन धारिया यांना निवडून देणाऱ्या शहराने याबद्दल फारसा आरडाओरडा केला नाही, याचं आम्हाला अजून नवल वाटतं.

टीव्हीवर नुसता गोंधळ दिसतो. खरं काम होतं कधी?

समित्यांमध्ये. खात्यांशी संलग्न २४ स्थायी समित्या आहेत; प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. ही पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो आणि पक्षादेश लागू होत नाही. या दोन गोष्टींमुळे माणसं कशी वेगळी वागतात हे बघायचं असेल तर एखादा अहवाल वाचावा. सचिव दर्जाचे अधिकारी समोर बसतात, त्यांना कागद दाखवून विचारलं जातं, आणि एकाच पक्षाचे दोन सदस्य त्यांच्याकडून वेगवेगळं वदवून घेत असतात.

लोकलेखा समिती यांच्याहून जुनी. त्यात २२ सदस्य, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायचा संकेत आहे. महालेखापरीक्षकांचे अहवाल तिथे चिरफाडीसाठी येतात.

सरकारला समितीच्या शिफारशी स्वीकारण्याचं बंधन नसतं, पण का स्वीकारल्या नाहीत हे लेखी द्यावं लागतं. आमच्या मते अलीकडची खरी काळजी गोंधळाची नाही, विधेयकं समितीकडे जातच नाहीत याची आहे. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या नोंदींनुसार पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत (२०१९-२४) १६ टक्के.

खासगी विधेयक म्हणजे काय? ते कधी मंजूर होतं का?

मंत्री नसलेल्या कुठल्याही खासदाराने आणलेलं विधेयक, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना. त्यांच्यासाठी शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली असते; त्याच दुपारी बरेच सदस्य विमानतळाच्या वाटेवर असतात ही गोष्ट वेगळी. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये.

मग आणायचं कशाला? बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलेलं विधेयक बघा: कामाची वेळ संपल्यावर साहेबांचा फोन किंवा ईमेल न घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क. फ्रान्समध्ये असा कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. हिंजवडीत रात्री साडेदहाला "एक क्विक कॉल" घेणारे हजारो लोक त्यांच्याच मतदारसंघात काम करतात, तेव्हा कल्पना पॅरिसची असली तरी दुखणं इथलंच. विधेयक मंजूर झालं नाही, पण विषय कागदावर आला.

कागदावर आलेला विषय कुठपर्यंत जातो याचं जुनं उदाहरणही पुण्याचंच आहे. फर्ग्युसनमध्ये शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय कायदेमंडळाचे सदस्य होते. त्यांनी मार्च १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेही सावध, टप्प्याटप्प्याचं आणि आधी मुलग्यांपुरतं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने केला २००९ मध्ये. गोखल्यांच्या विधेयकाला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षं झाली होती.

खासदारांचे परदेश दौरे म्हणजे सहलीच ना?

काही दौऱ्यांबद्दल तसं वाटणं साहजिक आहे. पण त्यामागे एक व्यवस्था आहे, आणि ती संयुक्त राष्ट्रांपेक्षा कितीतरी जुनी आहे.

१८८९ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक पासी हे फ्रेंच आणि विल्यम रँडल क्रेमर हे ब्रिटिश खासदार पुढाकार घेऊन बसले. क्रेमर मूळचे सुतार, कामगार चळवळीतून आलेले. देशादेशांतली भांडणं युद्धाऐवजी लवादाने सोडवावीत, आणि सरकारं ऐकत नसतील तर निदान खासदारांनी एकमेकांशी बोलावं, असा त्यांचा विचार. त्यातून आंतर-संसदीय संघ उभा राहिला, ज्याला सगळे आयपीयू म्हणतात. त्यांनी लावून धरलेल्या लवादाच्या कल्पनेला १८९९ च्या हेग परिषदेत कायमस्वरूपी लवाद न्यायालयाचं रूप मिळालं. पासींना १९०१ चं, म्हणजे शांततेचं पहिलंवहिलं नोबेल मिळालं, रेडक्रॉसवाल्या हेन्री ड्युनाँ यांच्यासोबत विभागून. क्रेमरना १९०३ चं.

आज संघाचं मुख्यालय जिनिव्हात आहे आणि १८० हून अधिक देशांच्या संसदा सदस्य आहेत. अमेरिकेची काँग्रेस मात्र नाही. भारत १९४९ मध्ये सामील झाला. संघात भारताचं प्रतिनिधित्व करणारा भारतीय संसदीय गट त्याच वर्षीचा. लोकसभेचे अध्यक्ष हे त्याचे पदसिद्ध अध्यक्ष. संघाच्या परिषदेचं अध्यक्षपद १९७० च्या दशकात गुरदयालसिंग ढिल्लन यांच्याकडे होतं. १९९९ मध्ये नजमा हेपतुल्ला त्या पदावर निवडून आल्या, त्या पहिल्या महिला.

दौरा सहल होता की काम, हे ओळखायची आमची कसोटी साधी आहे: परत आल्यावर त्या खासदाराने त्या विषयावर सभागृहात तोंड उघडलं का?

या संघाचे ठराव आपल्यावर बंधनकारक असतात का?

नाहीत. पण दोन गोष्टी तो चोख करतो. एक, खासदारांच्या मानवाधिकारांची समिती, १९७६ पासूनची. कुठल्या देशात विरोधी खासदाराला डांबलं, गायब केलं, सदस्यत्व काढून घेतलं, तर ही समिती प्रकरण हाती घेते, त्या संसदेला विचारणा करते, शक्य झाल्यास तुरुंगात जाऊन भेटते. सुटका प्रत्येक वेळी होत नाही, पण जगाला माहीत आहे एवढ्यानेही कधी कधी फरक पडतो.

दुसरी, आकडेवारी. कोणत्या संसदेत किती महिला, याची जगभरात दिली जाणारी क्रमवारी याच संघाची. रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात निम्म्याहून जास्त महिला आहेत. जागतिक सरासरी २७ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे २०२४ मध्ये ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या, म्हणजे १४ टक्क्यांच्याही आत. सावित्रीबाईंच्या गावात हा आकडा निदान माहीत तरी असावा.

सीपीए, पी-२० ही काय भानगड आहे?

सीपीए म्हणजे राष्ट्रकुल संसदीय संघ, १९११ चा, मुख्यालय लंडन. याचं वैशिष्ट्य असं की राज्यांच्या विधिमंडळांच्याही शाखा असतात, म्हणून महाराष्ट्राचे आमदारही त्यात येतात. पी-२० म्हणजे जी-२० देशांच्या संसदांच्या अध्यक्षांची परिषद. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती दिल्लीत झाली.

विरोधी पक्षाचे खासदार परदेशात जाऊन सरकारची बाजू कशी काय मांडतात?

देशाची बाजू म्हणा. १९९४ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगापुढे काश्मीरवरून पाकिस्तानने भारताविरुद्ध ठराव आणला होता. पंतप्रधान नरसिंह राव यांनी भारतीय शिष्टमंडळाचं नेतृत्व दिलं विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना. ठराव मताला आलाच नाही, मागे घेतला गेला.

मे २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला आणि ऑपरेशन सिंदूरनंतर सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं गेली. पहलगाममध्ये पुण्याचीही माणसं मारली गेली होती, त्यामुळे इथे हा विषय नुसता परराष्ट्र धोरणाचा नव्हता. एका शिष्टमंडळाच्या प्रमुख सुप्रिया सुळे होत्या. कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि इजिप्त अशी त्यांची वाट. दुसऱ्याचे प्रमुख होते कल्याणचे श्रीकांत शिंदे. एक खुलासा मात्र हवा: ही शिष्टमंडळं सरकारने पाठवलेली होती. संसदीय शिष्टमंडळ लोकसभा-राज्यसभेच्या पातळीवर ठरतं. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते.

आंतरराष्ट्रीय करार करायला संसदेची मंजुरी लागते का?

ऐकून धक्का बसेल, पण सहसा नाही. अमेरिकेत करार सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतांनी मंजूर व्हावा लागतो. आपल्याकडे करार करणं हे सरकारचं काम. तो देशात लागू करायला कायदा लागत असेल तर कलम २५३ खाली संसद तो करते, अगदी विषय राज्यांच्या यादीतला असला तरी.

भूभाग द्यायचा असेल तर मात्र घटनादुरुस्तीवाचून सुटका नाही. १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं. त्यामुळेच बांगलादेशाशी १९७४ मध्ये झालेला सीमा करार पूर्णपणे अमलात यायला २०१५ ची शंभरावी घटनादुरुस्ती उजाडावी लागली. एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांची अदलाबदल झाली: १११ भारतीय वस्त्या तिकडे गेल्या, ५१ इकडे आल्या, आणि नागरिकत्वाशिवाय जगणाऱ्या हजारो माणसांना एकदाचा देश मिळाला. व्यापार करारांवर सह्या होण्याआधी संसदेत सविस्तर चर्चा व्हायला हवी, असं आमच्यातल्या निम्म्यांचं मत आहे. उरलेले म्हणतात, मग वाटाघाटी कशा करणार?

खासदारांशिवाय सामान्य माणसाला संसदेपर्यंत पोहोचता येतं का?

येतं, दोन वाटांनी.

विधेयक समितीकडे गेलं की समिती बहुतेक वेळा जाहिरात देऊन लोकांच्या सूचना मागवते. मुदत थोडी असते. पानभर लिहा, कलमाचा क्रमांक, तुमची हरकत आणि पर्यायी शब्द. "हे विधेयक लोकशाहीचा गळा घोटणारं आहे" असं वाक्य समितीच्या काही कामाचं नसतं.

दुसरी वाट याचिकेची. लोकसभेत खासदारामार्फत याचिका सादर करायची तर तिच्यावर त्या खासदाराची सही लागते. राज्यसभेच्या महासचिवांकडे ती थेटही पाठवता येते. मराठीत लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं. ही वाट मोडकी समजू नका. 'वन रँक वन पेन्शन'च्या मागणीवर राज्यसभेच्या याचिका समितीने २०११ मध्ये अनुकूल अहवाल दिला होता. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल म्हणून जास्त गाजले. वानवडी, खडकीतल्या माजी सैनिकांना तो अहवाल अजून तोंडपाठ आहे.

खासदार संसदेत मराठीत बोलू शकतात का?

हो. घटनेच्या कलम १२० नुसार कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालतं, पण मातृभाषेत बोलायची परवानगी मिळते आणि दुभाषे तिथल्या तिथे भाषांतर करतात. आधी कळवलेलं बरं.

हे सगळं बघायचं, वाचायचं कुठे?

अधिवेशनं वर्षातून तीन: अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी. थेट प्रक्षेपण संसद टीव्हीवर आणि यूट्यूबवर. प्रश्न, उत्तरं, विधेयकं, समित्यांचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात स्वातंत्र्यापूर्वीच्या कायदेमंडळांचं कामकाजही आहे. सुरुवात करायची तर आपल्या खासदाराचं नाव टाकून त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची यादी काढा. अर्ध्या तासात त्यांचे खरे विषय कोणते ते कळतं, आणि फ्लेक्सवरच्या विषयांशी ते जुळतात का तेही.